पंधरा दिवस घोकलेलं नमस्ते

मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका शाळेत, हेडबाईंच्या टेबलासमोर. तिचा गुन्हा एवढाच, की आत शिरल्याबरोबर तिनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, मॅडम."

घरी आम्ही हेच म्हणतो. आजोबांना, पाहुण्यांना, फोनवर. पण रेल्वेच्या नोकरीसाठी परभणीहून सिकंदराबादला आले, मुलीसाठी शाळा शोधायची वेळ आली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या पुण्याच्या वहिनींनी कानमंत्र दिला. "मराठी मंडळींची शाळा आहे, छान आहे. फक्त तुमचं ते घरचं घरी ठेवा हं."

मी ठेवलं. पंधरा दिवस पोरीकडून 'नमस्ते मॅडम' घोकून घेतलं. अर्जावर आडनावाच्या जागी गावाचं नाव लावलं. लाज वाटायला हवी होती, तर मला उलट माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

हेडबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि गोड हसल्या. "अहो, आधीच सांगायचं ना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आमच्याच संस्थेची दुपारची शाळा आहे. तिथं तुमच्यातली बरीच मुलं आहेत. तिला करमेल."

हे ऐकलं आणि माझा हात उठला. पोरीवर. "एवढं शिकवलं तरी!" असं ओरडत मारलं. तिचा ओठ फुटला. बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "बघा, संस्कारांचा फरक पडतोच."

बाहेर व्हरांड्यात आयानं पाणी आणून दिलं. पोर रडत नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती, कुणा परक्या बाईकडं बघावं तशी. आया तिचं तोंड धूत मला म्हणाली, "बच्ची कू कायकू मारे, अम्मा? मारना था तो अंदरवाली कू मारते."

डोक्यात जाळ झाला. दार न वाजवता मी परत आत घुसले. टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी टाळकं फोडावंसं वाटलं, आणि ते मी आज लपवणार नाही. बाई खुर्चीसकट मागं सरकल्या. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं.

पेपरवेट खाली ठेवला. अर्जावरचं गावाचं नाव खोडलं, आमचं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

"जय भीम. हा अर्ज सकाळच्या शाळेचा आहे. नाही म्हणायचं असेल, तर कारण लिहून द्या."

"अहो, एवढं चिडायला काय झालं?"

"लिहून द्या."

कारण काही मिळालं नाही. अर्जाची पोच तेवढी मिळाली, तीही तीन तास बाकावर ठिय्या दिल्यावर.

मुलीची माफी मी अजून मागितलेली नाही. एका शब्दात सुटका करून घ्यायची नाही मला. त्यांनी केलेला अपमान मी माझ्या हातानं तिच्यापर्यंत पोचवला, हे मला जन्मभर सलायलाच हवं.

पुण्याच्या वहिनी म्हणतात, हिमायतनगरला दुसरी चांगली शाळा आहे, कशाला डोक्याला ताप करून घेता. असेल. मी हीच निवडली आहे. उद्या सकाळी जाणार, परवाही जाणार. माझी पोर सकाळच्या वर्गात बाकावर बसलेली दिसेपर्यंत त्या दारातून मी हलणार नाही. पोलिसांना बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा.