रूथमावशीचं रडणं

फोन दानिएलकाकांचा होता, माझ्या मावशीच्या नवऱ्याचा. मी पेणला रामवाडीत राहते, ते रोह्याला. "गो, तुझी मावशी गेली," एवढं बोलले आणि हुंदके देऊन रडू लागले... दानिएलकाकांचं ते मोकळं रडणं ऐकताना, तशा दुःखातही मनात आलं, हे त्यांना मावशीनंच शिकवलं.

माझी रूथमावशी नर्स होती. अर्ध्या रोह्यानं तिच्या हातची इंजेक्शनं घेतली असतील. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पेशंट घाबरला की आधी त्याच्यावर ओरडायची आणि मग त्याचाच हात हातात घेऊन बसायची. काका कंपनीत शिफ्टला जात आणि रविवारी घराच्या पुढच्या खोलीत उपासना चालवत. पेण-रोह्याची आम्ही मोजकी ख्रिस्ती कुटुंबं, सतरंजीवर दाटीनं बसायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा सॅम्युएल ऐन तारुण्यात काविळीनं गेला. दफनाच्या वेळी काकांनी स्वतः प्रार्थना केली, गीत म्हटलं. डोळ्यांत टिपूस नाही. "तो प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत. मावशी मात्र रडत राहिली. तेही घरात कोपऱ्यात बसून नव्हे, तर भर उपासनेत. प्रार्थनेला डोळे मिटले की मोठ्यानं रडायची, कितीतरी महिने. लोक अवघडायचे. शेवटी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. "रूथ, एवढं रडणं बरं नाय. विश्वास कमी पडतोय असं दिसतं."

मावशीनं डोळे पुसले. "मेलेला लाजर पुन्हा जिवंत उठणार हाय, हे येशूला ठाऊक होतं ना? तरी त्याच्या कबरेपाशी रडलाच. आणि मी कोणापुढं रडतेय? ज्यानं पोर दिलं त्याच्यापुढंच ना? विश्वास नसता तर उशीत तोंड खुपसून रडले असते."

काका दारातच उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी.

त्या नाताळात त्यांनी सॅम्युएलच्या आवडीचं गीत सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्यावर थांबले... बायकांच्या बाजूनं मावशी उठली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "रडा हो," ती हळूच म्हणाली, "प्रभू ऐकतोय." काका खांदे गदगदेपर्यंत रडले. उरलेलं गीत आम्ही बाकीच्यांनी म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी दोघं कबरेवर जात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली, मावशी सॅम्युएलला सगळं सांगायची. सांगता सांगता रडायची, मधेच हसायची, आणि परत येताना बाजारातून मासळी घ्यायला विसरायची नाही.

तिच्या दफनाला काका रडत रडतच प्रार्थना करत होते. त्या वडीलधाऱ्या बाई माझा हात धरून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होत्या.

मागच्या रविवारी मी रोह्याला गेले. काकांनी वालाचं बिरडं केलं होतं. "तिच्यासारखं नाय झालं," म्हणत त्यांनी वाढलं. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी मावशी करायची. आता काकांनी हात जोडले. "प्रभू, या अन्नासाठी... आणि रूथसाठी..." पुढे शब्द येईनात. ताटातलं बिरडं निवत होतं. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आमेन मी म्हटलं, आणि आम्ही जेवायला लागलो.