उंबरडोहाची राखण

नवापूरच्या पुढं, रंगावलीच्या काठावर रिबेका गावितचं घर आहे. उन्हाळ्यात तिथं नदीची धार तुटते आणि गावाजवळ उरतो तो फक्त उंबरडोह. खवली, मुरी, लहान शिंगटे, नदीतले सगळे बारीक मासे तेवढ्याच पाण्यात जीव धरून राहतात. पाऊस लागला की ओढ्यांनी चढून भातखाचरांत अंडी घालतात. म्हणून उन्हाळ्यात डोहात जाळं टाकायचं नाही, हा रिबेकाच्या सासूचा नियम होता. सासू गेल्यावर राखण रिबेकाकडे आली.

गेल्या वर्षी खालच्या दोन डोहांतले मासे दिसेनासे झाले. खंड्या पक्षीही तिथं बसेनात. पाणी नितळ होतं, पण त्यात काही हलत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती उंबरडोहावर आली तर काठाला जीप उभी. खडकावर बॅटरी आणि इन्व्हर्टर, दोन बांबूंना बांधलेल्या तारा. एक बांबू दोधूच्या हातात होता. हा खालच्या सपाटीवरचा माणूस, ढाब्यांना वाम, मरळ असे मोठे मासे पुरवायचा. दुसरा बांबू धरला होता तिच्याच धाकट्या भावानं, दानियलनं.

 रिबेका लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

"ओ बाई, बाहेर निंघ!" दोधू ओरडला. "पानीमा करंट सोडाना शे."

"सोड."

"ताई, तमाशा नको करू," दानियल म्हणाला. "आम्ही मोठे तेवढेच नेतो."

"आणि बारके?"

"बारक्यांना कोण विचारतं?"

"त्यांच्या पोटात अंडी आहेत. आत्ता मारलेस, तर पावसात ओढ्याला चढेल कोण?"

दानियलनं बांबू खाली ठेवला. दोधूनं जीप चालू केली, पण जाताना तो डोहाकडे वळून वळून पाहत होता. त्या दिवसापासून, रविवारची प्रार्थना सोडली तर, ती रोज डोहावर बसू लागली.

मे महिन्यातला एक रविवार. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. दानियल सहसा यायचा नाही. त्या दिवशी येऊन पुरुषांच्या बाजूला शेवटी बसला. सगळे गात होते, त्याचे ओठ मिटलेले. रिबेकानं वळून पाहिलं, तशी त्यानं मान खाली घातली. ती गाणं अर्धवट टाकून धावत सुटली.

डोहावर माणूस नव्हता. बगळे दाटीनं बसले होते, एकही आवाज न करता. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती, नखाएवढी, बोटाएवढी, या काठापासून त्या काठापर्यंत.

मागून दानियल धापा टाकत आला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"रविवारी इथं कोणी नसतं, हे मीच सांगितलं त्याला."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उंबराच्या मुळांखाली अजून काही वळवळत होतं. ती ते ओंजळीनं उचलून राखणीच्या जागी ठेवलेल्या घागरीत भरू लागली. थोड्या वेळानं तोही पाण्यात उतरला. जगलं तेवढं त्यांनी वरच्या झऱ्याच्या खड्ड्यात नेऊन सोडलं.

पावसात ते मासे तिनं ओढ्यात सोडले. भात पोटरीत आलं तेव्हा खाचरात मुरीची पिल्लं दिसली, थोडी खवलीही. शिंगटा एकही नाही.

आता दानियल राखणीला तिच्याबरोबर बसतो.  यंदा दिवाळीनंतर लगेचच नदी आटू लागली, आणि आता पलीकडच्या काठावर रोज दोन जीपगाड्या येऊन थांबतात. आतून कोणी उतरत नाही.