सुरुवातीचे अकरा सेकंद

आमच्या विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात बाईंना सगळे कात्री म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली आणि त्यातली पहिली दोन रडण्यात गेली, एवढं सांगितलं तरी पुरे.

काम तसं साधं होतं. दर बुधवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या सभागृहात कुणी ना कुणी गायचं, वाजवायचं. त्याचं रेकॉर्डिंग झालेलं कार्ड गुरुवारी सकाळी आमच्याकडे यायचं. बाई ते कॉम्प्युटरवर उतरवून घेत, संगीताच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कापून टाकत आणि उरलेलं अभ्यासक्रमाच्या ऐकण्याच्या यादीत चढवत. मग त्या वर्गाच्या मुलांनी आपापला पासवर्ड टाकायचा आणि घरबसल्या ऐकायचं. सत्र संपलं की यादी बंद, पुढच्या सत्राला नव्या मुलांसाठी पुन्हा उघडायची. कार्ड पुसून सभागृहात परत.

बाई कापत त्या डोळ्यांनी. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. कुणी बोलत असलं की ती तुटक दिसते, सूर लागला की भरते. बाई चष्मा नाकावर ओढून एकदा बघायच्या, दोन टिचक्या मारायच्या, की झालं. हेडफोन खुंटीवर धूळ खात. "ऐकत बसले तर आठवड्याचं काम महिनाभर पुरेल," म्हणायच्या. खोकला, खुर्च्यांची खरखर, घोषणा, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

गंमत म्हणजे ती घोषणा करणारा माणूस त्यांचा नवराच. काका सभागृहाचे रेकॉर्डिंगवाले. मशीन सुरू केलं की आधी स्वतः माइकवर दोन-चार वाक्यं बोलायचे, मग समोरच्याला खूण करायचे. बुधवारी नवऱ्याने बोलायचं आणि गुरुवारी बायकोने ते उडवायचं, असा संसार पंधरा वर्षं सुरळीत चालला. "घरी काय कमी बोलतात, की इथेही ऐकू?" असं बाई म्हणायच्या आणि आम्ही हसायचो, कारण न हसून सांगतो कुणाला.

बाई निवृत्त झाल्या आणि चार महिन्यांत काका गेले. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता.

बरेच दिवस बाई फिरकल्या नाहीत. मग एकदा आल्या, माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, घरात ह्यांचा आवाजच नाही गं."

मला आधी कळेना. मग कळलं. साऱ्या जगाचा आवाज टिपणाऱ्या माणसाने स्वतःचा कधी टिपलाच नव्हता. फोनवर निरोप पाठवायचे तेही लिहून. "निघालो." "पोचलो." फोटो होते ढीगभर.

"फोटो बघून काय करू?" बाई म्हणाल्या. "मला हाक कशी मारायचे, तेच आठवेनासं झालंय."

त्या गेल्यावर मी याद्या उघडून बसले. साडेसहाशे रेकॉर्डिंगांपैकी साठ-सत्तरांच्या सुरुवाती ऐकल्या. प्रत्येकाची सुरुवात थेट पहिल्या सुरापासून. काका कुठेच नव्हते. इतकं चोख काम मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि त्या दिवशी त्या चोखपणाची मला अशी चीड आली की मी माउस आपटला.

पुढच्या सत्रात पहिल्या वर्षाच्या एका मुलीची तक्रार आली. सहाव्या धड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला अकरा सेकंद कुणीतरी माणूस बोलतो, कृपया काढून टाकावे.

मी ती तीनदा वाचली. ते रेकॉर्डिंग माझ्या हातचं होतं. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एक आठवडा रजेवर होत्या, तेव्हा मी कापायचं विसरून ते तसंच चढवलं होतं, आणि पुढे लक्षात आल्यावर बोलणी बसतील म्हणून मूग गिळून गप्प राहिले होते. नंतर तर तेही विसरले. माझ्या वेंधळेपणाचा आयुष्यात कुणाला उपयोग झाला असेल तर तो हा एवढाच.

फोन केला तशी बाई घरच्या कपड्यांवर धावत आल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, माझा पासवर्ड टाकायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझ्या पासवर्डवर नको. ही यादी नाव नोंदवलेल्या मुलांपुरती आहे. गाणाऱ्यांना तसा शब्द देऊन मीच सह्या घेतल्यात."

"बाई, नवरा तुमचा आहे!" मी ओरडलेच.

"गाणं ह्यांचं नाही ना," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी पहिल्या वर्षाच्या त्या वर्गात रीतसर नाव नोंदवलं. वयाची अट नव्हती. पासवर्ड मिळायला चार दिवस लागले. ते चार दिवस त्यांनी कसे काढले कोण जाणे, मी असते तर कुलूप फोडलं असतं.

पाचव्या दिवशी त्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसल्या. एक हेडफोन त्यांच्या कानाला, दुसरा माझ्या. काका बोलू लागले.

"बुधवार. संध्याकाळचे सहा. मंडळी, आज जरा वेळेत आटपा बरं का. आमची बाई डोळ्याला पट्टी बांधून घरात वाट बघत बसलीय. हं, करा सुरू."

मागे लोक हसले. मग गाणं सुरू झालं. बाईंनी ते थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. किती वेळा, ते मी मोजलं नाही. मी उठून स्वच्छतागृहात गेले आणि तोंड धुऊन आले.

मग बाई रोज यायला लागल्या. वर्गातही बसायच्या, अठरा वर्षांच्या पोरांमध्ये, पहिल्या बाकावर. तक्रारीवर मी "चौकशी चालू आहे" असं लिहून ठेवलं. सत्र संपलं, परीक्षा झाली, आणि त्या वर्गाचे प्राध्यापक चक्रावून माझ्याकडे आले.

"तुमच्या ह्या बाई वर्गात दोन सुरांत रेकॉर्डिंग ओळखतात. आणि परीक्षेला चक्क कोरा पेपर?"

मला लगेच उलगडा झाला. पास झालं की नाव कमी होतं आणि यादी बंद. नापास झालं की पुन्हा एक सत्र. मी प्राध्यापकांना सगळं सांगून टाकलं, आवाज चढवूनच सांगितलं, जणू चूक त्यांची होती.

त्यांनी डोकं खाजवलं. "पण त्या अकरा सेकंदांत गाणं कुठे आहे? त्याला कुणाची सही कशाला लागते? तेवढं कापून त्यांना देऊन टाका. तुमची तक्रारही मिटेल."

इतकं सोपं होतं. आम्हा दोघींना ते सुचलं नाही, कारण कापलेलं फेकून द्यायचं असतं, हे आमच्या हाडीमासी खिळलं होतं.

कापायला बाई स्वतःच बसल्या. ह्या वेळी हेडफोन लावून. दोन टिचक्यांच्या कामाला त्यांनी दीड तास घेतला आणि मी एका शब्दाने घाई केली नाही. गाणं यादीत गेलं, काका बाईंच्या फोनमध्ये गेले. मी तक्रारीवर "निकाली" असं लिहिलं आणि सुटलो एकदाचे, असं म्हणाले.

आठ दिवसांनी बाई पुन्हा दारात.

"रोज ऐकते गं," त्या बसत म्हणाल्या. "पण मला एक सांग. बाकीच्यांत काय म्हणाले असतील? साडेसहाशे वेळा माझ्यासमोर बोलले. मी नुसती रेघ बघत होते."

"तुमच्याबद्दल काही ना काही असायचंच की," मी घाईघाईने म्हटलं. "दर वेळी. मी असायचे ना बुधवारी, मागच्या रांगेत."

"तू?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "बुधवारी तू पाचच्या ठोक्याला घर गाठायचीस. एकदा तरी गेलीस का सभागृहात?"

मी उगाच माउस हलवला.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"तरी सांग," त्या म्हणाल्या. "काय म्हणायचे?"