चिकटलेली पानं

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी गोराईला उजळणीवर्ग घ्यायला जाऊ लागले. बोरिवलीहून होडीनं खाडी ओलांडायची, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दोन तास वाचन, व्याकरण, थोडं रसग्रहण, आणि जेवायच्या वेळेला घरी परत. नववीत मराठीत आपटलेली आठ मुलं होती आणि जूनमध्ये त्यांची फेरपरीक्षा होती. मी मुळात तापट. तेहतीस वर्षं शिकवूनही डोकं काही थंड झालेलं नव्हतं.

त्यातल्या एका मुलीवर तर मी पहिल्या दिवसापासून डाफरत होते. तिची उत्तरपत्रिका मी पाहिली होती. मोत्यासारखं अक्षर, आणि प्रत्येक उत्तराच्या जागी प्रश्नच पुन्हा सुबक उतरवून काढलेला. मला तो शुद्ध उर्मटपणा वाटला, कारण वाचनात ती सगळ्यांच्या पुढे होती. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण, कुठे आवाज चढवायचा ते अचूक. रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या वेळी, बायबलचं वाचन करायचा मानही तिचाच होता.

"पोरीचा आवाज देवाचा आहे टीचर, पण आळस सैतानाचा," तिची आई तिला सोडायला आली तेव्हा म्हणाली. "आपल्याच भाषेत नापास होते म्हणजे काय? या टायमाला मराठीत पास झाली नाही ना, तर शाळा बंद. मी जाते त्या रिसॉर्टवर घेऊन जाते, चादरी बदलायला." मुलगी खाली मान घालून उभी होती. मला आईचं म्हणणं पटलं होतं, हेही कबूल करते.

दुसऱ्या आठवड्यात ती पुस्तक विसरून आली. मी माझं जुनं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि मागे जाऊन उभी राहिले. ती वाचू लागली, पान संपलं, तिनं ते उलटलं आणि वाचत राहिली. मी सहज तिच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावले. कधीकाळी सांडलेल्या चहामुळे त्या पुस्तकातली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यामुळे तिच्या समोर धड्याखालचा स्वाध्याय होता, रिकाम्या जागा भरा वगैरे. आणि तिच्या तोंडून मात्र धडा चालला होता, चिकटलेल्या पानांच्या आतला, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. बोट ओळींवरून शांतपणे फिरत होतं.



बाकीच्यांना मी लवकर सोडलं. तिला बसवून पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा वाच." ती गप्प. दुसऱ्या शब्दावर ठेवलं. तरी गप्प.

"कधीपासून गं?"

"पहिलीपासून, टीचर. वर्गात कोणीतरी वाचतंच ना. दोनदा ऐकलं की डोक्यात बसतं."

"आणि मिस्साला?"

"फादरना सांगते, आधी तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे माझे उच्चार चुकणार नाहीत." मग घाईनं म्हणाली, "आईला सांगू नका हां. ती पहिल्या बाकावर बसते."

मी बाजारात चार जिन्नस आणायला जाते आणि त्यातली कोथिंबीर विसरून येते. या पोरीनं नऊ इयत्तांची पुस्तकं नुसत्या कानांनी साठवली होती! मी थक्क झाले, आणि लगेच शरमेनं मान खाली गेली. प्रकट वाचनाचे पैकीच्या पैकी गुण मी आजवर अशा किती जणांना देऊन मोकळी झाले असेन?

दुसऱ्या दिवसापासून ती तासभर आधी येऊ लागली. सुटी अक्षरं तिला ओळखता यायची. काना, मात्रा, जोडाक्षर आलं की सगळं कोलमडायचं. म्हणून जे पाठ होतं त्याचाच आधार घेतला. ती म्हणेल त्या शब्दाखाली मी बोट ठेवायचं. पण तिचं तोंड डोळ्यांच्या पुढे पळायचं. "तोंड नको, डोळे!" मी ओरडायचे. ती दोनदा रडली. मी किती वेळा ओरडले त्याचा हिशेब नाही.

पंचाईत अशी की एकदा कानावर पडलेला उतारा ती वाचतेय की आठवतेय, हेच कळेना. शेवटी मीच रोज येताना होडीत बसून तिच्यासाठी चार ओळी लिहू लागले.

फेरपरीक्षेत ती मराठीत काठावर पास झाली. बाकीचे विषय राहिले, नववी पुन्हा करावी लागली, पण शाळा टिकली. आईला तिनं स्वतःच सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई नव्या वह्या घेऊन आली. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची, वर्गाच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ.

ती आली तेव्हा मी टेबलामागे बसलेच होते. त्या दिवशी हॉलवर पोचूनच लिहिलेला कागद तिच्यापुढे सरकवला. ती एकेक अक्षर जुळवत निघाली. "आज होडीत एक तापट बाई सगळ्यांना नीट बसायला सांगत होती. उतरताना तिचीच एक चप्पल खाडीत पडली. आता तिच्या पायात होडीवाल्याच्या स्लिपर आहेत." एवढ्याला दहा मिनिटं तरी लागली असतील. 'स्लिपर'पाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा आली. मग नुसतीच कागदाकडे बघत बसली.

तिनं कागद खाली ठेवला, वाकली आणि टेबलाखाली पाहिलं.

वर आली ती तोंडावर हात ठेवूनच. "टीचर! हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं सांगितलं."

"कोणीच नव्हतं सांगितलं." ती कागदाकडे बघत राहिली. "मग मला कसं कळलं?"