कडेचा डबा

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी अण्णांच्या खोलीतली लोखंडी मांडणी ओल्या फडक्याने पुसत होते. सकाळचे दहा वाजले असतील. दोन दिवसांत घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून खोली आवरायला काढली होती. फोन ह्यांनी घेतला, नुसतं हं हं केलं आणि दारात येऊन उभे राहिले. मी वळूनही न बघता विचारलं, कधी आणायचं म्हणतात? तर म्हणाले, "आता आपणच जायचं." मला ते कळलं आणि तरीही मी उरलेला एक कप्पा पुसून काढला. माणूस अशा वेळी काय करील त्याचा नेम नसतो. दीड महिना झाला त्याला. मांडणी अजून तशीच रिकामी आहे, आणि ती रिकामी माझ्या हातून झाली, हे सांगितल्याशिवाय अण्णांबद्दल मला काहीही लिहिता येणार नाही.

अण्णा माझे थोरले दीर. जुन्या हुबळीत आमचं सुतळी-दोरखंडाचं दुकान. थोरल्याने गादीवर बसायचं अशी रीत, पण हे गृहस्थ अठराव्या वर्षी एका थेटरात मशीनच्या खोलीत शिरले ते थेटर बंद पडल्यावरच बाहेर आले. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, रोज तीन खेळ, त्यात बायको कुठल्या खेळाला आणायची? मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा सासरी मला सगळ्यात आधी त्यांनी आपलं म्हटलं. नावाने हाक मारली नाही, वहिनी नाही. कन्नडातल्या धाकट्या बहिणीसारखं तंगी म्हणाले आणि शेवटपर्यंत तंगीच म्हणत राहिले. पहिल्याच आठवड्यात मी भाकऱ्या करत होते आणि सगळे जेवायला बसले होते. अण्णा म्हणाले, तंगी, मला कडेची भाकरी. मी टोपलीच्या कडेची उचलून वाढली. ती सगळ्यात आधी केलेली, गार, वातड. पंगत हसायला लागली. इथल्या कन्नडात कडे म्हणजे शेवट, आणि तो शब्द ह्यांच्या घरच्या मराठीत कधी येऊन बसला ते कोणालाच ठाऊक नाही. अण्णांना तव्यावरची शेवटची, गरम भाकरी हवी होती. ते मात्र हसले नाहीत. ती गार भाकरी त्यांनी मुकाट्याने चावून चावून खाल्ली आणि वर म्हणाले, सांगलीच्या भाकरीला चव असते.

त्यांचं वेड एकच, पोशाखी चित्रपट. तलवारी, किल्ले, भुयारं, फितूर सरदार आणि तोंड झाकलेला घोडेस्वार. असल्या एका स्वाराची चार चित्रपटांची मालिका होती. तीन चित्रपट तो तोंडावरचं कापड काढत नाही. चौथ्याच्या अगदी शेवटच्या रिळात काढतो. रविवारी सकाळी हे खेळ लागले की मराठी घरंच काय, कन्नड बोलणारे शिंपी नि हमालही यायचे. भाषा कळो न कळो, तलवार सगळ्यांना कळते. पुढे असे चित्रपट निघायचेच बंद झाले. अण्णांना त्याचा राग होता, आणि तो कधी ओसरला नाही. "हल्लीचा हिरो पोस्टरवरच तोंड दाखवून मोकळा होतो," ते म्हणायचे. "चार पिक्चर वाट बघायला लावायची धमक कुणात हाय?" असले चित्रपट परत निघायला हवेत, निदान जुने तरी परत दाखवायला हवेत, म्हणून त्यांनी कुठे कुठे पत्रं लिहिली. मी थट्टा करायचे, अण्णा, तुमच्या स्वाराचं घोडं आता म्हातारं झालं. ते म्हणायचे, स्वार तर तयार हाय.

त्या चौथ्या चित्रपटाची प्रत त्यांच्याकडे होती. थेटर बंद पडलं तेव्हा वितरकाने ती नेलीच नाही, म्हणून अण्णांनी ती घरी आणून मांडणीत उभी लावली. चौदा डबे, पुस्तकांसारखे एकाला एक लागून. वरचे आकडे गंजून गेले होते, पण त्यांना आकड्यांची गरज नव्हती. डबा नुसता हातात घेऊन ते कितवं रीळ ते सांगायचे. शेवटचं रीळ अर्धंच असतं, म्हणून तो डबा हलका, हेही त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. जवळच्याच केलगेरी गावातल्या एका सभागृहात त्यांनी कुठूनसं यंत्र मिळवून खेळही लावला. आलो आम्ही पंधरा-वीस जण. तेरावं रीळ चालू असताना यंत्राचा दिवा गेला आणि स्वार तोंड झाकलेलाच राहिला. घरी येताना मी म्हटलं, तोंडाने तरी सांगा, कोण होता तो? अण्णा म्हणाले, ते बघायचं असतं. सांगायचं नसतं.

गेल्या वर्षी पुण्याहून एका मुलीचं पत्र आलं. ती जुन्या चित्रपटांचा अभ्यास करते. मालिकेतले पहिले तीन चित्रपट मिळाले आहेत, चौथा कुठेच नाही, तुमच्याकडे आहे हे खरं का, असं तिने विचारलं होतं. तेव्हापासून अण्णा रोज दाढी करायला लागले, ती कुठल्याही दिवशी येऊन उभी राहील अशा थाटात. आली ती उशिरा. त्याआधी अण्णांच्या फुप्फुसांनी दगा दिला. खोलीभर त्या कुजत्या फिल्मचा आंबूस वास असायचा, डोळे चुरचुरायचे. डॉक्टरांनी बजावलं, असल्या खोलीत ह्यांना परत न्यायचं नाही. अण्णांना ते सांगायचं काम माझ्यावर आलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो जरासा उचलून अण्णा म्हणाले, "तंगी, कडेचा डबा तेवढा ठेव. त्या पोरीला दे. बाकीचं जाऊ दे की."

मी घरी आले. रांगेला दोन कडा होत्या. मी दाराकडचा डबा काढून घेतला आणि उरलेले तेरा भंगारवाल्याला दिले. कडेचा कोणता, हा प्रश्नही मला पडला नाही. तीस वर्षं ह्या घरात काढून, त्या शब्दावरून एकदा हसं होऊनही, नेमक्या घटकेला मी सांगलीचीच राहिले.

दोन दिवसांनी तो डबा पिशवीत घालून हॉस्पिटलात नेला. त्यांना बरं वाटेल म्हणून. नर्स नको नको म्हणत असताना मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी दोन्ही हात खाली घालून तो जरासा उचलला.

"जड हाय गं," ते म्हणाले.

मला वाटलं, हातात ताकद राहिली नाही. म्हटलं, राहू दे अण्णा, मी धरते.

"बाकीचे गेले?"

"हो, परवाच नेले."

त्यांनी झाकणावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, खूप वेळ... आणि म्हणाले, "बरं केलंस. नीट ठेवलास." तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

तेरावं झाल्यावर ती मुलगी आली. तिने खिडकीपाशी बसून डबा उघडला, फिल्म उजेडात धरली आणि हळूच म्हणाली, "काकू, ही तर नावं आहेत. हे पहिलं रीळ आहे." मी म्हटलं, असं कसं, अण्णांनी हाच ठेवायला सांगितला होता. ह्यांनी विचारलं, काय म्हणाला होता नेमकं? मी सांगितलं, कडेचा. हे खुर्चीत बसले. "कडेचा म्हंजे शेवटचा की गं," एवढंच म्हणाले. त्या क्षणी मला तो जड डबा आठवला आणि अण्णांची ती नजर. त्यांना कळलं होतं. उचलताक्षणीच कळलं होतं. भंगारवाल्याकडे मी तशीच धावत गेले. फिल्म धुऊन तिच्यातली चांदी काढतात, ती काढून झाली होती. उरलेला चोथा त्याने पोत्यात भरून ठेवला होता. मी त्यात हात घालून बघितलं. कोरं, चिकट प्लास्टिक.

मुलगी पहिलं रीळ घेऊन गेली. जाताना माझी समजूत घालत होती, की सुरुवात मिळाली हेही थोडं नाही. चांगली मुलगी आहे. पण त्या स्वाराने कापड काढल्यावर खाली कोणाचं तोंड होतं, ते आता जगात कोणालाही दिसणार नाही. ते बघितलेला, मला ठाऊक असलेला शेवटचा माणूस माझ्या हाताची गार भाकरी खाऊन चव आहे म्हणणारा होता, आणि शेवटीही त्याने तेच केलं.

घरी मला कोणी बोल लावला नाही. परवा जेवताना सून तव्यावरून भाकरी घेऊन आली आणि ह्यांना म्हणाली, "बाबा, शेवटची वाढू?" माझा हात ताटातच थांबला. ही पोर हुबळीची, जन्मापासून कडेची म्हणत आलेली. हेही जेवत राहिले. मग माझ्या लक्षात आलं, दीड महिन्यात ह्या घरात तो शब्द मी एकदाही ऐकलेला नाही.

मी म्हटलं, "कडेची म्हण गं. कडेची."

सुनेने मान हलवली, पण म्हणाली नाही. भाकरी टोपलीत ठेवली आणि आत गेली. ती कोणी घेतली नाही.