सैल पट्टी

आज खिचडीसाठी भाजताना दाणे करपले आणि लॉकडाउनमधली ती दुपार पुन्हा आठवली.

मलावीतल्या खेड्यांत मुलांच्या पोषणाचं काम करणारी मी, वेंटवर्थव्हिलमधल्या घरी, याच ओट्यापाशी अडकून पडले होते. तिथे मुलांची वजनं घेणं बंद झालं होतं, म्हणून आयांनाच मुलांच्या दंडाचा घेर मापायला शिकवत होतो. रंगीत पट्टीवर लाल आला तर कुपोषणाचा धोका, हिरवा आला तर मूल ठीक.

तिथली आरोग्यसेविका ग्रेस अंतर राखून फोन धरून उभी होती. व्हिडिओ कॉलवर एका तरुण आईने बाळाच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळली. हिरवा! ती खुदकन हसली. पण पट्टीखाली तिचं स्वतःचं बोट अडकलं होतं.

"ग्रेस, पट्टी सैल आहे, तिला सांग..."

व्हिडिओ थिजला.

"मम्मा, समथिंग्ज बर्निंग!" आतून मुलगा ओरडला. दाणे जळत होते आणि मी फोन लावत होते. लागेना.

संध्याकाळी ग्रेसचा मेसेज आला. 'सैल' एवढं ऐकू आलं, पुन्हा मापलं, लाल. उपचार सुरू केलेत. बाळ पुढे सावरलं. तरी हा वास आला की मी पुन्हा त्याच कॉलवर असते. थिजलेल्या स्क्रीनवर ती हिरव्याकडे बघून हसतेय आणि ते हसू मलाच मोडावं लागणार आहे.