अक्काच्या पिवळ्या चिठ्ठ्या

माझी नणंद आमच्या घरी आली की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि म्हणायची, "तुमचं चार मिनिटं पुढे आहे." त्यानंतर चपला काढायची. सव्वीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर म्हणून काढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार? सुरुवातीला मला राग यायचा. लग्नाला वर्ष झाल्यावर मी मुद्दामच घड्याळ चार मिनिटं पुढे ठेवायला लागले. म्हटलं, असू दे, बाईला बोलायला काहीतरी निमित्त हवं.

सगळे तिला अक्का म्हणायचे. ड्रायव्हर, कंडक्टर, डेपोचे साहेब, आणि आमचे हेसुद्धा. एकटी मीच वन्सं म्हणायची. आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हे आठ वर्षांचे. तिने लग्न केलं नाही, भावाला वाढवलं. भावाने शिकून साहेब व्हावं म्हणून जिवाचा आटापिटा केला. भाऊ शिकला नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल झाला आणि पुढे नऊ जणांच्या टोळीचा मुकादम. अक्का त्यावर कधी वाईट बोलली नाही. पण कुणी विचारलं की ती सांगायची, भाऊ मालधक्क्यावर असतो. तिथे काय करतो ते सांगायची नाही. ह्यांनी ते दोनदा ऐकलं होतं.

आणखी एक गोष्ट दोघांमध्ये होती. बारा वर्षांपूर्वी डेपोत संप झाला, तेव्हा ड्रायव्हरांनी फाटकात पिंपं रचून गाड्यांची वाट अडवली होती. साहेबांनी हमालांना मजुरी देऊन ती पिंपं उचलून घेतली आणि संप मोडला. त्या हमालांत आमचे हेही होते. नवीन होते, मुकादम म्हणेल ते उचलायचं एवढंच कळत होतं. फाटकाच्या आत अक्का उभी होती. त्यानंतर वर्षभर ती भावाशी बोलली नाही, आणि शहरात हमालांना 'फितूर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर ही गोष्ट घडली त्या साली सहा महिन्यांत पीठ, तेल, रॉकेल सगळ्यांचे भाव दीडपट झाले आणि पगार जागचा हलला नाही. बसवाल्यांनी अर्ज केले, गिरणीवाल्यांनी केले, आम्ही साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळणाऱ्या बायकांनीही केले. कुणाच्याच अर्जाला उत्तर आलं नाही. एकेकट्याने घसा कोरडा करून उपयोग नाही हे कळल्यावर सगळ्या संघटना एकत्र आल्या आणि एक दिवस अख्खं शहर बंद ठेवायचं ठरलं. मागणी एकच, महागाई भत्ता. तारीख मंगळवारची.

भाषणं ठोकायला माणसं पुष्कळ होती. पण समितीचा अध्यक्ष, छापखान्यात खिळे जुळवणारा एक म्हातारा, शहाणा होता. तो अक्काकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही रोज दोनशे गाड्या वेळेवर सोडता. शहर थांबवायचं कसं, ते तुम्हालाच कळणार."

"थांबवायला अक्कल लागत नाही," अक्का म्हणाली. "कुणाला थांबवायचं नाही त्याची यादी हवी. आपल्यामुळे एक जरी माणूस दगावला, तर दुसऱ्या दिवशी पेपरात भत्ता नसेल, तो माणूस असेल."

झालं. ते काम तिच्याच गळ्यात पडलं.

शिंप्यांच्या संघटनेच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, त्याच्यामागे अक्का बसली. म्हाताऱ्याने छापखान्यातला उरलेला पिवळा कागद आणून दिला. ज्याला कामावर जायची मुभा, त्याला पिवळी चिठ्ठी. वर नाव, खाली धंदा, मध्ये छापलेलं वाक्य: 'यांचं काम थांबलं तर जीव जाईल. यांना अडवू नये.' संपाच्या दिवशी पुलावर आणि चौकाचौकांत आपलीच माणसं उभी राहणार होती. चिठ्ठी नसलेल्याला ती पुढे जाऊ देणार नव्हती.

तीन दिवस एकेका धंद्याची माणसं येत होती आणि अक्का सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होती, "तुम्ही एक दिवस थांबलात तर कोण मरेल?"

न्हावी म्हणाला, "मरणार कुणी नाही, पण दुसऱ्या दिवशी काही जण ओळखू येणार नाहीत." बँकेच्या कॅशियरने बराच विचार केला आणि म्हणाला, "आमचे मॅनेजर." कबरी खणणाऱ्याने तर स्वतःहून सांगितलं, "माझी गिऱ्हाइकं थांबतात, बाई. त्यांना घाई नसते." सुईणीला विचारायच्या आधीच चिठ्ठी मिळाली. खोलीत हशा पिकायचा. अक्का हसायची नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसत होतं. जेवता जेवता घास हातात धरून ती विचारायची, "पाण्याचा पंप चालवणाऱ्याला दिली. पण पंपाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" लगेच उठून निघायची. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला दिली, मग पेट्रोल भरणाऱ्याला दिली, मग पंक्चर काढणाऱ्याला दिली. दवाखान्यात ऑक्सिजन लागतो म्हणून सिलिंडर भरणाऱ्यांना दिली आणि ते आणणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही दिली. तरी म्हणायची, "कुणीतरी राहिलंय गं. कोण ते सापडत नाही."

तिन्ही दिवस आमचे हे त्या खोलीत बाकावर बसून होते. आपली पाळी येईल याची वाट बघत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का मालधक्क्यापर्यंत पोचली. तिने मान वर न करता वहीत लिहिलं, 'हमाल – नाही', आणि म्हणाली, "पुढचे कोण?"

हे उठून घरी आले. मी पाणी दिलं तर भांडं तसंच हातात धरून बसले.

"तिने विचारलंच नाही," ते म्हणाले.

"काय विचारायचं होतं?"

"दवाखान्यातले सिलिंडर कोण उतरवतं ते. दर गुरुवारी आम्हीच उतरवतो. माणसाच्या उंचीचा एकेक असतो. सवय नसेल तर पायावर घेईल माणूस."

"मग सांगायचं ना तिला."

"न्हाव्याला विचारलं. कॅशियरला विचारलं. मला का नाही? विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग भांडं खाली ठेवून म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. गाडी गुरुवारी येते, संप मंगळवारी आहे. काही अडत नाही."

मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. भाऊबहिणीच्या भांडणात भावजयीने तोंड घातलं की दोन्हीकडून तिचीच शोभा होते.

पण सोमवारी सरकारने बोलणी करायला बोलावलं. संप तूर्त पुढे ढकलला. बोलणी फिसकटली, आणि बुधवारी सकाळी लाउडस्पीकर लावलेली गाडी आमच्या गल्लीतून ओरडत गेली: संप उद्या. मी बोटांवर वार मोजले. पुन्हा मोजले. उद्या गुरुवार होता.

"अहो, उद्या गाडी येणार," मी म्हटलं.

"आज मागवून घेतील."

"कोण मागवून घेईल?"

दुपारी मी तडक शिंप्यांच्या खोलीत गेले. टेबलाभोवती चाळीस माणसं, सगळी एकदम बोलणारी, आणि मध्ये अक्का, डोळे सुजलेले. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले.

"वन्सं, ती सिलिंडरची गाडी..."

"दिली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कारखान्याला दिली, ड्रायव्हरला दिली. तू उद्या सहाला ये, चिठ्ठ्या कापायला हात कमी पडतायत."

आणि मी 'बरं' म्हटलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगायला गेले होते, तिने ऐकलं नाही, आता माझ्याकडे दोष नाही. असा सरळ हिशेब करून मी घरी आले. माझ्याइतकी लबाड बाई त्या दिवशी शहरात दुसरी नसेल.

गुरुवारी सकाळी सहाला निघाले. रस्त्यावर एक बस नाही, एक हातगाडी नाही. दुकानांच्या फळ्या बंद. आपण जमवून आणलं याचा अभिमान वाटायला हवा होता. मला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता आणि प्रत्येक कोपऱ्यावर वाटत होतं, कुणीतरी धावत येणार. खोलीत अक्का टेबलामागे बसली होती आणि दर दोन मिनिटांनी मनगट बघत होती. आठ वाजले, नऊ वाजले. अध्यक्ष येऊन म्हणाला, "बाई, कडकडीत बंद आहे. आता श्वास घ्या." तिने घेतला नाही. मीही नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी दवाखान्याचा वॉर्डबॉय सायकलवरून आला. घामाघूम. ट्रक फाटकात उभा होता, ड्रायव्हर होता, सिलिंडर होते, उतरवायला कुणी नव्हतं. दोघा वॉर्डबॉयनी प्रयत्न केला, पहिलाच सिलिंडर निसटून एकाच्या पायावर गेला. आता कुणी हात लावायला तयार नव्हतं. आतला साठा फार तर एक वाजेपर्यंत पुरणार होता.

"एरवी कोण उतरवतं?" अक्काने विचारलं.

"मालधक्क्याची टोळी," तो म्हणाला. "तुमच्याच भावाची."

अक्का माझ्याकडे वळली. मी कात्री खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"त्याला?"

"पहिल्यापासून. ते बाकावर तीन दिवस बसले होते, वन्सं. तुम्ही विचारलं नाहीत."

तिने पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि निघाली. मी मागे. एरवी घड्याळाच्या ठोक्यावर पावलं टाकणारी बाई, त्या दिवशी अक्षरशः पळत होती. माझ्या डोक्यात एकच चाललेलं: हे घरी नसले तर? टोळीतले नऊ जण शहराच्या नऊ टोकांना राहतात, त्यांना गोळा करायला दुपार जाईल.

घराचं दार उघडंच होतं. आत ह्यांच्यासकट नऊच्या नऊ जण भिंतीला टेकून ओळीने बसले होते. खांद्यावर फडकी, कमरेला पट्टे आवळलेले. मी निघाल्यावर ह्यांनी सगळ्यांना गल्लीबोळांतून बोलावून घेतलं होतं, आणि आठ वाजल्यापासून ते नुसते बसून होते. दाराकडे बघत.

अक्का उंबऱ्यावर उभी राहिली. त्या दिवशी तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही.

"तुम्ही एक दिवस थांबलात तर कोण मरेल?" तिने विचारलं.

"आज अकरा जण. काल दवाखान्यात विचारून आलोय," हे म्हणाले. "त्यात तीन लहान मुलं आहेत."

"मग आधीच का नाही गेलास?"

"चिठ्ठीशिवाय? पुन्हा एकदा?"

अक्का म्हणाली, "चुकलं माझं." तिच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. ह्यांनी फडकं झटकलं आणि सगळे उठले.

पुलावर अक्काच्याच डेपोतले ड्रायव्हर उभे होते. तिने नुसता हात केला तरी ते सगळ्यांना सोडणार होते, आणि तिने तसा हात केलाही. पण हमालांना बघून एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. हे थांबले. "चिठ्ठ्या दे, अक्का," म्हणाले. "नऊ."

अकरा वाजून गेले होते. माझा जीव टांगणीला लागलेला. लिहायला तिथे टेबल नव्हतं, कठडा ओला होता. ह्यांनी तिच्यासमोर पाठ वाकवली. अक्काने भावाच्या पाठीवर गठ्ठा ठेवला आणि लिहायला लागली. टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्याला नाव विचारलं तर तो म्हणाला, "मला पैलवान म्हणतात." ती म्हणाली, "खरं नाव." त्याला आठवायला जरा वेळ लागला. तिने घाई केली नाही. एकेकाला विचारून, बरोबर लिहिलंय ना ते दाखवून, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली. नऊ नावं होती. त्यातलं एकच तिला आधीपासून माहीत होतं.

पावणेएकला दवाखान्याच्या फाटकात शेवटचा सिलिंडर उतरला. कुणी दगावलं नाही. मेट्रन बाहेर आली आणि अक्काला विचारलं, "ही माणसं तुम्ही आणलीत? तो पुढचा कोण?"

"माझा भाऊ," अक्का म्हणाली. "हमाल आहे."

ह्यांनी ते ऐकलं. रिकामा सिलिंडर बुडाच्या काठावर कलवून ते ट्रककडे फिरवत नेत होते, तो जागीच थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. घड्याळाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. "तुमचं चार मिनिटं पुढे आहे," म्हणाली, आणि चपला काढल्या. मला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं. भावाबरोबर जेवली. पुढे भत्ता निम्मा मिळाला, पण ते नंतरचं. निघताना दारात चपला घालता घालता ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "माझं चुकलं, ते मी त्याला सांगितलं. तू मला सांगायला हवं होतंस."

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?